दोनशे मिनिटांची वाटणी

जुलै 2017 मध्ये बेंगळुरूत महिलांच्या बास्केटबॉल आशिया चषकाची स्पर्धा झाली. अ गटाच्या अंतिम सामन्यात जपानने ऑस्ट्रेलियाला 74-73 असं हरवलं. ब गटात भारताने कझाकस्तानवर 75-73 अशी मात केली. एक सामना एका गुणाने, दुसरा दोन गुणांनी. पुण्याची शिरीन लिमये, जी पुढे भारताची कर्णधार झाली, त्या विजयी संघात होती. त्या एका विजयाने भारत वरच्या अ गटात गेला. दोन वर्षांनी, सप्टेंबर 2019 मध्ये, ही स्पर्धा पुन्हा बेंगळुरूतच झाली. तेव्हा जपान, कोरिया, चायनीज तैपेई अशा संघांसमोर भारताला एकही सामना जिंकता आला नाही.

उंची, ताकद, परदेशी संघांबरोबरचा सराव अशी या पराभवाची अनेक कारणं सांगता येतील आणि ती खरीही आहेत. पण एक कारण आपल्या आवाक्यातलं आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. अटीतटीच्या सामन्यात निर्णय घेण्याची सवय राष्ट्रीय शिबिरात लागत नाही. शिबिर काही आठवड्यांचं असतं. ही सवय अठराव्या ते बाविसाव्या वर्षांत, कॉलेजच्या सामन्यांत लागते. निदान लागायला हवी. ती लागते की नाही, हे बेंचजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतं.

हा लेख त्या माणसासाठी आहे. बेंगळुरूतल्या एखाद्या कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक असोत, मानधनावर पहाटे सराव घ्यायला येणारा माजी खेळाडू असो, किंवा पुणे-नागपूरहून इथे नोकरीला येऊन आवडीपोटी संघ सांभाळणारा कुणी मराठी माणूस असो. सरावात काय शिकवावं यावर पुस्तकं भरपूर आहेत. प्रत्यक्ष सामना चालू असताना नवख्या खेळाडूला कसं घडवायचं, हा विषय मात्र ‘ज्याचं त्याला कळतं’ म्हणून सोडून दिला जातो.

आधी हिशेब करू. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. मैदानावर पाच जण. म्हणजे एका सामन्यात तुमच्या संघाला खेळायला मिळतात दोनशे मिनिटं. यादीत नावं बारा. बहुतेक कॉलेजांत पहिले पाच जण साधारण छत्तीस मिनिटं खेळतात. इथेच एकशे ऐंशी संपली. उरलेली वीस मिनिटं सात जणांत. तीही सामना हातात आल्यावर किंवा हातातून गेल्यावर, म्हणजे जेव्हा कशालाच काही अर्थ उरलेला नसतो तेव्हा. वर्ष संपतं, शेवटच्या वर्षाची मुलं पदवी घेऊन नोकरीला लागतात, आणि नवीन मोसमात प्रशिक्षक म्हणतो, ‘यंदाची मुलं कच्ची आहेत.’ ती कच्ची नसतात. त्यांना शिजायला चूलच मिळालेली नसते.

आता हेच आकडे थोडे हलवून पाहा. पहिल्या पाचांना तीस-तीस मिनिटं द्या: दीडशे झाली. पन्नास उरली. सहाव्या, सातव्या, आठव्या खेळाडूला बारा-बारा दिली तर छत्तीस. राहिलेली चौदा शेवटच्या चौघांत, त्या-त्या सामन्याच्या गरजेप्रमाणे. पहिल्या पाचांचं यात फारसं काही बिघडत नाही. उलट चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांच्या पायांत जीव असतो. आणि आठ जणांचा खरा संघ उभा राहतो.

किती मिनिटं, याइतकंच महत्त्वाचं म्हणजे कुठली मिनिटं. माझा आग्रह असा आहे की नवख्या खेळाडूची पाळी पहिल्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत सुरू व्हावी आणि दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीपर्यंत चालावी. त्या वेळी गुणफलक अजून मोकळा असतो. समोरच्या संघाचे चांगले खेळाडू अजून मैदानावर असतात. मधल्या दोन मिनिटांच्या विश्रांतीत त्या मुलाशी दोन वाक्यं बोलता येतात आणि लगेच ती करून बघायला तो परत आत जातो. सामन्यात खेळ, सूचना आणि पुन्हा खेळ असा क्रम इतक्या जवळजवळ दुसरीकडे कुठे सापडत नाही. आणि यात चार-पाच गुण गेलेच, तर ते भरून काढायला तीस मिनिटं हातात असतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ यांनी हे पद्धतशीरपणे केलं. 1961 ते 1997 अशी छत्तीस वर्षं ते तिथे प्रशिक्षक होते आणि त्यांनी 879 सामने जिंकले. पहिल्या हाफमध्ये ते पाच राखीव खेळाडूंचा एक अख्खा चमू दोन-तीन मिनिटांसाठी आत पाठवत. ‘ब्लू टीम’ म्हणत त्याला. हे पाच जण सरावातही एकत्रच खेळत, त्यामुळे मैदानावर उतरताना ते एकमेकांना अनोळखी नसत. स्मिथ यांची आणखी एक पद्धत मला फार मोलाची वाटते. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करून स्वतःच बाहेर येण्याची खूण करायची. जो असा आपणहून बाहेर आला, त्याने दम घेतला की परत आत जायचं तेही त्यानेच सांगायचं. ज्याला प्रशिक्षकाने बाहेर काढलं, त्याच्या परतीचा निर्णय मात्र प्रशिक्षकाचा. बाहेर येणं ही शिक्षा नाही, हे यातून खेळाडूच्या मनावर भाषण न देता ठसतं. आपल्याकडे पोरं श्वास लागला तरी हात वर करत नाहीत, कारण एकदा बाहेर गेलं की परत नंबर लागेल याची खात्री नसते. मग ती दमलेल्या पायांनी बचाव करतात आणि फाउल करून बसतात.

पाच जणांचा चमू एकदम बदलण्याची पद्धत बेंगळुरूच्या कॉलेजांत जशीच्या तशी उचलू नये, असं माझं मत आहे. आपल्याकडे सराव म्हणजे पहिल्या तासिकेआधीचा पहाटेचा तास-दीड तास. कुणी व्हाइटफील्डहून येणार, कुणी केंगेरीहून; कुणाची लॅब, कुणाची अंतर्गत परीक्षा. राखीव पाच जण एकत्र मुरतील इतका सराव होतच नाही. त्यापेक्षा जोडी जमवा. नवी गार्ड आत जाईल तेव्हा मैदानावर अशी एक सीनियर खेळाडू हवी, जी तिच्याशी बोलते आणि बोलते तेव्हा चिडत नाही. हे मुलांच्या संघालाही तेवढंच लागू आहे. संघातला सगळ्यात चांगला खेळाडू हा सगळ्यात चांगला सोबती असतोच असं नाही. ही जोडी सामन्याच्या आदल्या दिवशी ठरवा आणि दोघांनाही सांगून ठेवा. सीनियरला सांगा की पुढची चार मिनिटं तुझं काम अर्धं खेळणं आणि अर्धं शिकवणं आहे. बेंगळुरूत ज्युनियर मुलं सीनियरला ‘अण्णा’ किंवा ‘अक्का’ म्हणतात. त्या नात्याचा उपयोग करून घ्या.

आता खेळाडू आत पाठवतानाची गोष्ट. बदली खेळाडू टेबलापाशी जाऊन नोंद करतो आणि बॉल डेड होईपर्यंत थांबतो. कधी दहा सेकंद, कधी दीड मिनिट. या वेळात आपण काय बोलतो? ‘बिनधास्त खेळ.’ ‘टेन्शन घेऊ नको.’ ‘कॉन्फिडन्स ठेव.’ यातल्या कुठल्याच वाक्यावर पायांना काही करता येत नाही. त्याऐवजी एकच काम सांगा, आणि ते असं सांगा की झालं की नाही हे दोघांनाही मोजता येईल. ‘त्यांच्या सात नंबरला उजवीकडून जाऊ द्यायचं नाही, डाव्या हाताने खेळायला लाव.’ ‘शॉट गेला की आधी माणसाला अंग लाव, मग बॉल बघ.’ ‘पहिला पास मिळाला की टाकण्याआधी एकदा रिंगकडे बघ.’ एवढंच. बाहेर आल्यावर विचारायचं तेही तेवढंच. सात नंबरने तीन वेळा आत घुसायचा प्रयत्न केला आणि तीनही वेळा त्याला डावीकडे जावं लागलं, तर या मुलाचा स्वतःचा शॉट चुकला असला तरी त्याची पाळी यशस्वी झाली. हे त्याला सांगा, आणि संघासमोर सांगा.

बाहेर काढण्याची वेळ हा सगळ्यात नाजूक भाग आहे. नव्या खेळाडूने चूक केली, बॉल गमावला, आणि पुढच्या शिट्टीला त्याचा बदली टेबलाशी उभा. हे दृश्य बेंगळुरूत, पुण्यात, कोल्हापुरात, सगळीकडे दिसतं. त्यातून मुलगा एकच धडा घेतो: बॉल हातात घेणं धोक्याचं आहे. पुढच्या वेळी तो पास आला की लगेच दुसऱ्याला देऊन टाकतो, रिंगकडे बघतही नाही. आपणच त्याला भित्रा केलेला असतो आणि वर म्हणतो, पोरात दम नाही.

म्हणून चूक कुठल्या प्रकारची आहे ते आधी पाहावं. मोकळा शॉट होता, घेतला, चुकला: यात चूक काहीच नाही. निर्णय बरोबर होता. बेंचवरून ‘पुन्हा मिळाला तर पुन्हा घे’ एवढं ऐकू जावं. निर्णयच चुकला असेल, दोघांच्या मधून पास टाकला असेल, तर त्याला आणखी दोन-तीन वेळा बॉल खेळू द्या आणि मग क्वार्टर संपल्यावर विचारा, ‘तिथे तुला काय दिसलं होतं?’ विचारण्याचा सूर खरोखर जाणून घेण्याचा हवा, कारण पुष्कळदा त्याचं उत्तर ऐकून कळतं की त्याला दिसलं होतं ते बरोबरच होतं, पास अर्धा सेकंद उशिरा निघाला. मग दुरुस्ती पासाच्या वेगाची करायची असते, डोक्याची नाही. एका बाबतीत मात्र थांबू नये. बॉल गेल्यावर परत बचावाला धावलाच नाही, सोबत्यावर हात उडवले, पंचाशी हुज्जत घातली, तर पुढच्या शिट्टीला बाहेर. न ओरडता, न टोमणा मारता. कारण एका वाक्यात सांगायचं, आणि त्याच हाफमध्ये परत आत पाठवायचं. परत पाठवलं नाही तर आधीचं सगळं वाया जातं.

बाहेर आलेल्या खेळाडूशी लगेच बोलू नका. पहिलं मिनिटभर त्याच्या कानात स्वतःच्या छातीचे ठोके असतात. पाणी पिऊ द्या, टॉवेल द्या, सहायकाच्या शेजारी बसवा. मग बेंचवरचं एक काम द्या: त्यांचा सेंटर पोस्टमध्ये बॉल मिळाल्यावर कुठल्या खांद्यावरून वळतो ते बघ आणि मला सांग. किंवा आपण प्रेस केल्यावर ते आठ सेकंदांत अर्धी रेषा कशी ओलांडतात ते बघ. बसलेला खेळाडू नुसता आपल्या पाळीची वाट पाहत राहिला, तर तो सामन्याबाहेरच असतो. काहीतरी शोधत बसलेला खेळाडू परत आत जातो तेव्हा त्याच्याकडे माहिती असते.

ओरडण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या मैदानांवर हा रोगच आहे. अमेरिकेतल्या यूसीएलएचे जॉन वुडन यांनी 1964 ते 1975 या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांच्या शेवटच्या मोसमात, 1974-75 मध्ये, रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या पंधरा सरावसत्रांत बसून त्यांच्या प्रत्येक बोलण्याची नोंद केली. एकूण 2326 नोंदी. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश नोंदींत काहीतरी माहिती होती: काय करायचं, कसं करायचं, का करायचं. निव्वळ कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, नापसंतीही साधारण तेवढीच. सूचना छोट्या, बहुतेक काही सेकंदांच्या. आणि सामन्यात? सामन्यात वुडन बराचसा वेळ हातात कागदाची सुरळी घेऊन बसून असत. शिकवण्याचं काम आठवडाभर झालेलं आहे, आता मुलांनी करून दाखवायचं, ही त्यांची धारणा होती.

याहून मागे गेलं तर आणखी आश्चर्य वाटेल. हा खेळ 1891 मध्ये शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ यांचा सामन्यात बाहेरून शिकवण्यावर फारसा विश्वास नव्हता. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये 1940च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टाइमआउटमध्येसुद्धा प्रशिक्षकाला खेळाडूंशी बोलायला बंदी होती. काय बदलायचं ते मैदानावरच्या पाचांनी आपापसात ठरवायचं.

तो नियम गेला ते योग्यच झालं. पण त्यामागचा विचार एका टाइमआउटपुरता तरी परत आणता येईल. नियमाप्रमाणे पहिल्या हाफमध्ये दोन टाइमआउट मिळतात आणि वापरले नाहीत तर ते पुढे नेता येत नाहीत. कितीतरी प्रशिक्षक ते तसेच सोडून देतात. त्यांतला एक मुलांना द्या. एका मिनिटाच्या टाइमआउटमध्ये पहिली तीस सेकंदं तुम्ही गप्प राहायचं, त्यांनी बोलायचं. आपल्याला गुण कुठून जात आहेत आणि पुढच्या तीन वेळा काय करायचं, याची उत्तरं त्यांनीच शोधायची. सुरुवातीला सगळे तुमच्या तोंडाकडे बघतील. काही सामन्यांनी पॉइंट गार्ड बोलायला लागेल, मग सेंटर सांगेल की मदतीला कुणी येत नाही. त्या दिवसापासून बेंचवरून पोहोचणार नाही अशा कोलाहलातही तुमचा संघ स्वतःला सावरू शकतो. आणि बेंगळुरूच्या कंठीरवासारख्या बंदिस्त स्टेडियममध्ये गर्दी असली की बेंचवरून खरंच काही पोहोचत नाही.

बाकीच्या टाइमआउटमध्ये दोनच गोष्टी सांगाव्यात, एक बचावाची आणि एक चढाईची. पाटीवर आकृती काढायची तर एकच. शेवटच्या पाच सेकंदांत एखाद्या नवख्याला विचारा, ‘तू काय करणार?’ त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं त्याच्या लक्षात राहतं.

इथे बेंगळुरूची एक खास अडचण येते. एका बेंचवर धारवाडचा कन्नड मुलगा, त्रिशूरचा मल्याळी, कोइंबतूरचा तमिळ, लखनौचा हिंदीभाषक आणि पुण्याचा मराठी असे बसलेले असतात. प्रशिक्षक घाईत आपल्या भाषेत घसरतो आणि निम्म्या संघाला फक्त त्याचा चेहरा कळतो. नवखा खेळाडू तर ‘नाही कळलं’ असं म्हणायलाही बिचकतो. यावर उपाय मोसमाच्या पहिल्या आठवड्यात करायचा असतो. संघाचे दहा-बारा शब्द पक्के करा आणि सामन्यात त्याबाहेर जाऊ नका. ‘स्विच’, ‘हेल्प’, ‘बॉक्स आउट’ हे सगळ्यांनाच माहीत असतात. त्यांत दोन-तीन कन्नड शब्द जरूर घ्या: लवकरसाठी ‘बेगा’, बघसाठी ‘नोडू’. ऐकायला स्वच्छ आहेत, आणि आपण ज्या गावात राहतो तिथली भाषा संघात असावी, हेही मला महत्त्वाचं वाटतं. बेळगावहून किंवा निपाणीहून आलेला मुलगा संघात असला तर तो मराठी आणि कन्नड दोन्हींत सहज वावरतो. त्याला दुभाषा करा आणि त्याचं ते काम सगळ्यांसमोर मान्य करा.

शेवटची दोन मिनिटं, गुण बरोबरीत. आत कोण असावं?

29 मार्च 1982 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये अमेरिकी कॉलेजांचा अंतिम सामना होता: डीन स्मिथ यांचं नॉर्थ कॅरोलायना आणि जॉन थॉम्पसन यांचं जॉर्जटाउन. अर्ध्या मिनिटाहून किंचित जास्त वेळ उरलेला, जॉर्जटाउन 62-61 असं पुढे. टाइमआउट झाला. बचाव मोठ्या खेळाडूंभोवती गोळा होईल, हे स्मिथ यांनी ओळखलं होतं. दुसऱ्या बाजूला पहिल्या वर्षाचा एक मुलगा मोकळा राहील अशी त्यांची मांडणी होती. तसंच झालं आणि त्या मुलाने शॉट घातला. मायकेल जॉर्डन त्याचं नाव. ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. पण तो मुलगा मोसमभर पहिल्या पाचांत खेळलेला होता, आणि शेवटच्या मिनिटाचे प्रसंग घड्याळ लावून खेळणं हा स्मिथ यांच्या सरावाचा नेहमीचा भाग होता, हे सांगायचं राहून जातं. विश्वास त्या टाइमआउटमध्ये निर्माण झाला नाही. तो आधीच्या सामन्यांत मिनिटामिनिटाने साठवलेला होता.

मला त्या सामन्याची दुसरी बाजू जास्त जवळची वाटते. 63-62 झाल्यावर जॉर्जटाउनकडे अजून काही सेकंद होती. दुसऱ्या वर्षाचा त्यांचा गार्ड फ्रेड ब्राउन याने बॉल घेतला आणि गडबडीत प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हातात पास दिला. सामना संपला. लाखो लोक ते पाहत होते. थॉम्पसन यांनी त्या मुलाला जवळ घेतलं, मिठी मारली. नंतर संघातून काढलं नाही, दोष त्याच्या माथी मारला नाही. दोन वर्षांनी, 1984 मध्ये, जॉर्जटाउन राष्ट्रीय विजेतं झालं तेव्हा फ्रेड ब्राउन शेवटच्या वर्षाचा खेळाडू म्हणून त्या संघात होता.

बेंगळुरूतल्या आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्यात तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने शेवटच्या क्षणी असाच बॉल दिला, तर त्यानंतरच्या दहा सेकंदांत तुम्ही कुठे चालत जाता हे सगळा संघ बघत असतो. तिच्याकडे जा. त्या वेळी तांत्रिक काही सांगू नका. पुढच्या सामन्यात तिला पहिल्या क्वार्टरमध्येच खेळवा आणि सरावात तोच प्रसंग, तेवढेच सेकंद, तोच गुणफलक लावून पाच-सहा वेळा खेळून घ्या.

म्हणजे अटीतटीला नेहमी नवख्यालाच पुढे करायचं का? नाही. संघातल्या इतरांचेही कष्ट असतात, शेवटच्या वर्षाच्या मुलाचा तो अखेरचा मोसम असतो. माझा नियम असा: शेवटच्या दोन मिनिटांत एक नवखा चालेल, दोन नकोत. आणि त्या एकाला असं काम द्यावं जे त्याने या मोसमात सामन्यात आधी केलेलं आहे. ज्याने कधी दबावाखाली फ्री थ्रो घेतलेले नाहीत, त्याच्या हातात बॉल राहील अशी रचना करू नका. पण समोरच्या शूटरला चिकटून राहण्याचं काम तो उत्तम करू शकेल.

फाउलचं एक सांगायला हवं. पाच फाउलला खेळाडू बाद होतो, म्हणून पहिल्या क्वार्टरमध्ये दोन झाले की प्रशिक्षक त्याला थेट हाफपर्यंत बसवतात. जिंकण्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखं आहे. पण फाउल अंगावर असताना कसं खेळायचं, हात खाली ठेवून पायांनी कसं अडवायचं, हे बेंचवर बसून शिकता येत नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला परत आणा, फक्त ड्राइव्ह करणाऱ्या खेळाडूवरून काढून कोपऱ्यातल्या शूटरवर लावा. तिसरा फाउल झालाच तर झाला.

एकतर्फी सामन्यांची गोष्ट निराळी. 2022 च्या एप्रिल-मे मध्ये बेंगळुरूत जैन विद्यापीठाने खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भरवली आणि वीस सुवर्णपदकांसह स्वतःच पहिला क्रमांक मिळवला. खेळाडूंवर इतकं लक्ष देणाऱ्या संस्थेसमोर साध्या अभियांत्रिकी कॉलेजचा संघ तीस गुणांनी मागे पडला तर नवल नाही. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या स्पर्धांतही फरक मोठा असू शकतो, कधी तुमच्या बाजूने, कधी विरुद्ध. अशा वेळी सगळे नवखे एकदम आत ढकलून प्रशिक्षक हात बांधून बसतो. त्यांना काही मिळत नाही, फक्त मार मिळतो. दोन अनुभवी खेळाडू सोबत ठेवा आणि उरलेल्या वेळाचा निराळा सामना मांडा: शेवटचा क्वार्टर आपल्यासाठी 0-0 पासून सुरू होतो. किंवा त्यांना दहा मिनिटांत चारपेक्षा जास्त ऑफेन्सिव्ह रिबाउंड मिळू द्यायचे नाहीत. हे लक्ष्य गाठलं तर बसमध्ये बोलायला काहीतरी असतं. तुम्ही तीस गुणांनी पुढे असाल तर समोरच्यांचा मान राखा: प्रेस काढून घ्या, आणि आपल्या नवख्यांना चोवीस सेकंदांतले शेवटचे आठ उरेपर्यंत संयमाने बॉल फिरवायला लावा.

मुलींच्या संघात अनेकदा यादी बाराची नसतेच. आठ जणी जमल्या तरी खूप. तिथे मिनिटं वाटण्याचा प्रश्न उलटा होतो. तेव्हा टाइमआउट विश्रांतीसाठी जपून ठेवावे लागतात, मधूनच झोन बचाव लावून पायांना उसंत द्यावी लागते, आणि नव्या मुलीला तीन-तीन मिनिटांच्या छोट्या पाळ्या पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. यात एक फायदा आहे. ती प्रत्येक क्वार्टरमध्ये खेळते.

पालकांचे फोन येतात, विशेषतः मूल घरापासून दूर शिकत असेल तर. ‘आमच्या मुलाला फक्त चारच मिनिटं खेळवलं म्हणे?’ त्यांना टाळू नका. पण संघातल्या दुसऱ्या मुलाशी तुलना करणाऱ्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. त्यांच्या मुलाच्या त्या चार मिनिटांत कुठलं काम दिलं होतं आणि ते कितपत झालं, एवढं सांगा. हे सांगता यावं म्हणून लिहून ठेवावं लागतं. एक साधी वही पुरते. बेंचवर दुखापतीमुळे बसलेला एखादा खेळाडू असतोच, त्याच्याकडे ती द्या. कोण कितव्या मिनिटाला आत गेला, कधी बाहेर आला, त्या वेळात आपण किती गुण केले आणि किती दिले. शेजारी एक रकाना तुमच्या हातचा: दिलेलं काम आणि झालं की नाही.

सामन्याच्या रात्रीच तो रकाना भरा, दुसऱ्या दिवशी तपशील पुसट होतात. दर तीन सामन्यांनी वही उघडून प्रत्येकाची मिनिटं जुळवा. कुणाची सगळी मिनिटं चौथ्या क्वार्टरमध्ये, वीस गुणांच्या फरकानंतरची निघाली, तर ती मोजू नका. त्याला अजून खेळवलेलंच नाही असं समजा, आणि पुढच्या सामन्यात पहिल्या क्वार्टरमधल्या पहिल्या बदलासाठी त्याचं नाव लिहा.